बाईंच्या तीन हाका

फोनवर आलेलं मरण बाई लिहून घेत नसत. अपघात घेत, आग घेत, ग्रामपंचायतीतली धक्काबुक्की घेत, कोणाच्या शेळीला तीन करडं झाली तर तेही घेत. पण कोणी गेल्याचा फोन आला की त्या एवढंच म्हणत, "थांब, मी येतो." आमच्याकडे बायाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये. फोन ठेवला की त्या दुकानाच्या फळीखालून कॅनव्हासचे पुरुषी बूट काढत आणि लेस बांधायला बसत. एरवी पायात साधी चप्पल असे. त्यामुळे आलापल्लीच्या बसस्टँडवर चहा पिणारी माणसं आधी बाईंच्या पायांकडे बघायची. चप्पल दिसली की गप्पा पुढे चालू व्हायच्या. बूट दिसले की कोणीतरी कप खाली ठेवून विचारायचं, कोणतं गाव?

बाई आमच्या पेपरच्या तालुका वार्ताहर होत्या आणि एजंटही. त्या भागात ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. सकाळी गठ्ठे सोडून पेपर वाटायचे आणि दिवसभर बातम्या गोळा करायच्या. नवरा गेल्यावर एजन्सी त्यांच्याकडे आली आणि एजन्सीच्या मागोमाग बातम्या आल्या. वय पासष्टच्या आसपास, अंगात सुती साडी, हातात घड्याळ नाही, आणि एक जुनी स्कूटी जिचा आरसा त्यांनी स्वतः काढून टाकला होता. मागचं दिसलं की पुढं जाता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मागे बसायचे आणि मागून येणाऱ्या ट्रकचं काय ते मीच बघायचे.

मी वरोऱ्याची. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात शेवटी दोन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. आमच्या घरी ती एखाद्या लसीसारखी मानली गेली होती, एकदा टोचून घ्यायची आणि मोकळं व्हायचं. "दोन महिने काढ, मग बी.एड.चा फॉर्म भर," असं बाबांनी सांगून ठेवलं होतं आणि मीही मान हलवली होती. चंद्रपूरच्या कार्यालयात आम्ही चार इंटर्न आणि खुर्च्या तीन. डेस्क सांभाळणारे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आलापल्लीला जा, बाईंना मदत होईल. मी बसमध्ये पूर्ण रस्ताभर रडले. रडून झाल्यावर बाहेर बघितलं तर दोन्ही बाजूंनी साग होता आणि तो संपत नव्हता.

पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मी समोर उभी होते, हाताच्या अंतरावर, तरी त्यांनी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत माझ्या नावाने हाक मारली. मी "जी" म्हटलं. त्यांनी पुन्हा मारली, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा मी उत्तर दिल्यावर त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं. त्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी 'पोट्टे', म्हणजे पोरी, झाले. बाजारातही त्या कोणाला नावाने बोलवत नसत, ओ टोपीवाले, ए भाजीवाली, असंच चालायचं. आणि लोकांनाही ते बरंच वाटायचं. बाईंच्या तोंडून आपलं नाव ऐकायची कोणालाच घाई नव्हती.

याचं कारण मला आठवड्याभरात कळलं.

त्या दिवशी बाई पेपरच्या वसुलीला गेल्या होत्या आणि फोन मी घेतला. मुलचेऱ्याच्या रस्त्यावरचं एक गाव. गिरजाबाई नावाच्या नव्वदीच्या म्हातारीचं सकाळी दहा वाजता निधन झालं, असं तिचा नातू सांगत होता. मी आनंदाने, हो, आनंदानेच, सगळं टिपून घेतलं. 'वृद्धापकाळाने निधन', 'पश्चात मोठा परिवार', 'परिसरात हळहळ'. आयुष्यातली पहिली बातमी. ती चंद्रपूरला पाठवायला मोबाइल हातात घेतला आणि बाई आल्या. त्यांनी उभ्याउभ्या वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फळीखालून बूट काढले.

तीस किलोमीटर गेलो. मार्चचं ऊन होतं आणि रस्त्यात पळस पेटलेला होता. गावात पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, कोणी हिरवा बांबू तोडून आणून ठेवला होता, आतून बायांचं रडणं येत होतं. मला वाटलं, बाई आत जातील, चार शब्द बोलतील. त्या उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. त्यांना बघून रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. गावोगाव ही रीत सगळ्यांना ठाऊक होती असं दिसलं, कारण अंगणातल्या माणसांनी आपणहून डोक्यावरच्या टोप्या काढल्या. बाईंनी आतल्या अंधाराकडे तोंड करून पूर्ण नावाने हाक मारली. मग थांबल्या. दुसरी मारली, पुन्हा थांबल्या. भर दुपारी त्या अंगणात कोंबडीसुद्धा हलत नव्हती. तिसरी हाक आत गेली.

"काऊन वो?" आतून बारीक आवाज आला.

एका बाईच्या हातातला तांब्या पडला. मी स्वतः केव्हा बाईंचा पदर धरला ते मला आठवत नाही. मग सगळा उलगडा झाला. म्हातारीला खाटेवरून भुईवर घेतलं होतं, श्वास लागला होता, दुपारपर्यंत आटोपेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि उद्याच्या पेपरात आलं तर लांबचे पाहुणे वेळेवर येतील म्हणून नातवाने आधीच फोन लावला होता. बाई आत गेल्या, गिरजाबाईला चमच्याने पाणी पाजलं आणि बराच वेळ तिच्या उशाशी बसल्या. परतताना स्कूटीवर वारा कापत त्या म्हणाल्या, "आज तू एका बाईले मारून राह्यली होती, पोट्टे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गिरजाबाई पाचव्या दिवशी गेली. बाईंनी पुन्हा बूट घातले, पुन्हा तेवढंच अंतर कापलं, आणि या वेळी तिन्ही हाका घरात गेल्या त्या गेल्याच. मग त्यांनी पेन काढलं. बातमी तीच होती, माझ्याच शब्दांत, फक्त तारीख बदललेली. 'परिसरात हळहळ' त्यांनी काटलं.

मला भीती वाटत होती हे मी लपवत नाही. त्या हाकांच्या मधली शांतता मला जेवतानाही ऐकू यायची. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. ऐकलेलं आणि असलेलं यांच्यात तीस किलोमीटरचा रस्ता असतो आणि तो कोणीतरी जाऊन बघावा लागतो, हे मला तोवर कोणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्या स्कूटीवर मागे बसायचं होतं. बी.एड.ची आठवण मला त्यानंतर थेट बाबांशी फोनवर बोलले तेव्हाच आली. आज माझ्याही टेबलाखाली बुटांचा एक जोड असतो.

बाईंच्या हाकांबद्दल गावोगाव काहीबाही बोललं जायचं. बाईने बोलावल्याशिवाय जीव घराबाहेर पडत नाही म्हणायचे. तिसऱ्या हाकेला ओ दिली तर बाईसोबत जावं लागतं म्हणायचे. एका गावात तर आया स्कूटीचा आवाज ऐकून लेकरं आत घ्यायच्या. बाईंना हे सगळं माहीत होतं. मी एकदा विचारलं की तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही. त्या म्हणाल्या, खरं सांगायला आधी खरं छापून यावं लागतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

एक दिवस कोणाचाही फोन आला नाही, तरी बाईंनी बूट घातले. त्या दिवशीचा पेपर घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, चल. महिन्यातून एकदा त्या अशा जात, असं पेपर वाटणाऱ्या माणसाने मला नंतर सांगितलं.

गावाच्या तोंडाशी एक पानटपरी होती. बाई स्कूटी सावलीत लावत होत्या तोवर तिथे बसलेल्या माणसांनी मला विचारलं, कोणाकडे? बाईंनी वाटेत सांगितलं होतं तेवढं मी म्हटलं, नाल्याकाठच्या वावरात, मोहाची झाडं आहेत तिथे.

"तिकडं कोणी राहत नाई," एक जण म्हणाला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, जरा जास्तच लवकर. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे, नाल्याच्या अंगाला, चुलीचा धूर सरळ वर चढत होता. पाच-सहा माणसं होती आणि एकाचंही तोंड त्या बाजूला नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की टपरीचं बाकडंसुद्धा तिकडे पाठ करून ठेवलेलं आहे.

आम्ही पायवाटेने निघालो. मोह वेचायचे दिवस. वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवली होती, म्हणजे फुलं दिसतात. त्या काळ्यावर पिवळी फुलं पडलेली होती आणि आम्ही उभ्या असतानाही मधूनच एखादं टपकन पडत होतं. वास असा की डोकं जड व्हावं. याच वासाने अस्वलं येतात. एका झाडाच्या बुडाशी दगडांची रास होती. रानात जनावराने माणूस मारला त्या जागी येणारा-जाणारा एक दगड किंवा फांदी ठेवून पुढे जातो, ही रीत मला माहीत होती. बाईंनी एक दगड ठेवला. हात जोडून उभ्या राहिल्या. मी हाकेची वाट बघत होते, पण त्यांनी तोंडच उघडलं नाही.

मी विचारलं, इथे हाक नाही मारायची?

"याचं नाव मले मालूम नाई," बाई म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मात्र त्या थांबल्या आणि खणखणीत आवाजात हाक मारली, मुखरू! समोरच्या झोपडीतून "हाव" असं उत्तर आलं. दुसरी हाक, पुन्हा "हाव". तिसऱ्या हाकेला आतून आवाज आला, "हाव, जित्ता हाय." तो माणूस हे थट्टेत म्हणत नव्हता. हजेरी देत होता.

मुखरूभाऊ बाहेर आले. उंच, साठीच्या आतले, केस पाणी लावून विंचरलेले, जणू कोणी फोटो काढायला येणार होतं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, मग बाईंच्या हातून पेपर घेतला आणि जमिनीवर पसरून पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. एकेक चौकट, एकेक जाहिरात, निविदा, राशिभविष्य, सगळं. शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत बोट गेलं. मग त्यांनी पेपराची घडी घातली.

"आज बी नाई," ते म्हणाले.

"नाई," बाई म्हणाल्या.

पेपर त्यांनी झोपडीत नेऊन एका थप्पीवर ठेवला. थप्पी माझ्या कमरेइतकी होती. तेवढ्यात धुऱ्यावरून एक बाई डबा घेऊन आली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. तिने डबा एका चपट्या दगडावर ठेवला आणि झोपडीकडे न बघता वळून गेली. ती पळसापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मुखरूभाऊ जागचे हलले नाहीत. मग जाऊन त्यांनी डबा आणला. मला वाटलं, काहीतरी जुनं वैर असेल. परतीच्या वाटेवर बाईंनी सांगितलं की ती त्यांची बायको.

पुढचं त्यांनी एका पळसाखाली बसून सांगितलं, बुटांची लेस सोडत आणि बांधत. एकोणीस वर्षांपूर्वी, असाच मोहाचा हंगाम. मुखरूभाऊ मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणाच्या बाजूला गेले होते. इथून दर वर्षी माणसं जातात, महिना-दीड महिना त्यांचा पत्ता नसतो. मागे त्यांच्या वावरातल्या मोहाखाली अस्वलाने एक माणूस मारला. अस्वल तोंड धरतं, त्यामुळे चेहरा राहिलाच नव्हता. अंगात शर्ट मात्र मुखरूभाऊंचा होता, खिशाला बायकोच्या हातची लाल दोऱ्याची शिलाई. तरी बायको म्हणत होती, शर्ट त्यांचा आहे पण पाय त्यांचे वाटत नाहीत. पोलीस पाटीलही घुटमळत होता. थांबू, मिरचीकडे कोणाला पाठवून विचारू, असं चाललं होतं.

तेवढ्यात कोणीतरी बाईंना फोन केला. बाईंनी दुकानात बसून पूर्ण नाव लिहून घेतलं आणि चंद्रपूरला कळवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पेपर गावात पोचला, प्रेत दवाखान्यातून परत यायच्या आधी. पोलीस पाटलाने तो चावडीवर मोठ्याने वाचला. पेपरात आलं म्हटल्यावर शंका मिटली. बायको पुन्हा पायांचं बोलायला लागली तेव्हा जाणती माणसं तिला म्हणाली, पेपरवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त समजते. तिच्या बांगड्या फोडल्या, दिवस केले, तेरवी झाली. आणि पुढच्या महिन्यात मुखरूभाऊ पाठीवर मिरचीचं पोतं घेऊन गावात चालत आले.

गाव दुष्ट नव्हतं. ज्याचे दिवस केले तो त्याच नावाने घरात येऊ शकत नाही, अशी त्या गावाची रीत होती, आणि त्यावर वाटही होती. पुन्हा जन्म झाला असं धरायचं, बारसं करायचं, नवं नाव घ्यायचं आणि दारातून आत यायचं. गाव त्याला तयार होतं. मुखरूभाऊ तयार नव्हते. माझं नाव मला आहे, म्हणाले. पेपराने मारलं, आता पेपरानेच सांगावं की मुखरू जिवंत आहे, मग घरात येतो. त्या बोलण्यावर ते वावरात जाऊन बसले. त्यांना काय, बाईंनाही वाटलं की चार दिवसांचा प्रश्न आहे.

"दोन ओळी पाठवल्या मी," बाई म्हणाल्या. "दर वर्षी पाठवतो. मोहफुलं पडाले लागले का पाठवतो."

त्या वेळचे साहेब म्हणाले, पेपर आपली चूक छापत नसतो. त्यांच्यानंतरचे म्हणाले, फार जुनं झालं. त्यांच्यानंतरच्यांनी उत्तर दिलं नाही. मधल्या काळात मुखरूभाऊंच्या मुलीचं लग्न झालं. मांडवातलं वाजंतरं त्यांनी धुऱ्यावर उभं राहून ऐकलं. बाईंना कितीतरी वेळा वाटलं की हे काम सोडून द्यावं, पण मग दोन ओळी पाठवणार कोण? हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दया आली, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला कळेना म्हणून मी स्कूटी काढली.

इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा चंद्रपूरला होता. साहेबांनी चौघांनाही रविवारच्या पानासाठी अर्धा कॉलम 'अनुभव' लिहायला सांगितला. बाकीच्यांनी झकास लिहिलं. मी बाईंच्या दोन ओळी माझ्या अक्षरात लिहिल्या आणि सोबत बाईंनी जपून ठेवलेलं एकोणीस वर्षांपूर्वीचं कात्रण ठेवलं. साहेब म्हणाले, अनुभव कुठे आहे? मी म्हटलं, एवढाच आहे. ते घाईचे, पण वाईट नव्हेत. त्यांनी कात्रण वाचलं, ओळी वाचल्या, मग विचारलं की हा माणूस घरात कधीपासून गेला नाही. मी सांगितलं. त्यांनी वरच्या मजल्यावर विचारायला फोन उचलला, जरा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला.

"चौकटीत घे," ते म्हणाले.

त्या रविवारी मी गठ्ठ्याच्या गाडीनेच आलापल्लीला गेले. बाईंनी दुकानात पेपर उघडला आणि ती चौकट तीनदा वाचली, नावातलं एकेक अक्षर बोटाने तपासत. मग बूट घातले.

धुऱ्यावर तिन्ही हाकांना उत्तर आलं. मुखरूभाऊंनी पेपर पसरला. मी त्यांना पाचवं पान सांगणार होते, पण बाईंनी माझा हात दाबला. ते पहिल्या पानापासूनच निघाले. निविदा झाल्या, राशिभविष्य झालं. पाचव्या पानावर बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, शाळेतल्या पोरासारखं शब्द फोडून, "मुखरू... हे हयात... आहेत." वाचून झाल्यावरही त्यांनी बोट तिथेच ठेवलं. धुऱ्यावर त्यांची बायको डबा घेऊन उभी होती. कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिने आज डबा दगडावर ठेवला नाही. ती चालत आली आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

"मी तवाच म्हटलं होतं," ती म्हणाली, "पाय यांचे नाई म्हून."

मी रडत होते, त्यामुळे माझ्या तोंडून पुढचा प्रश्न कसा निघाला ते मला माहीत नाही. मी विचारलं, "मग ते पाय कोणाचे होते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईसुद्धा. मुखरूभाऊंनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, हे आज पहिल्यांदा कोणी विचारलं. ते मिरचीहून परत आले तेव्हा सगळं गाव त्यांचंच बघत होतं, हा मुखरू आहे की नाही एवढंच. बाईंनी बाकी सगळं केलं, पण हे विचारलं नाही. पोलिसांच्या कागदावर मेलेला मुखरूच होता, तेव्हा त्यांना विचारायचं कारण नव्हतं.

तो सम्मय्या होता. नदीपलीकडचा. बांबू तोडायच्या टोळीतून भांडून निघालेला, विशी-बाविशीतला पोरगा. चार दिवस मुखरूभाऊंच्या वावरातल्या झोपडीत राहिला, गावात कोणाला कळलं नव्हतं. त्याचा शर्ट फाटला होता म्हणून मिरचीला निघताना त्यांनी आपला दिला आणि झाडांखालची फुलं तू वेच म्हणाले. फुलं सरली की आईकडे जातो, असं तो म्हणायचा. आईला न सांगता आला होता.

"तुम्हाले मालूम होतं?" बाईंनी विचारलं. "एवढे वर्ष?"

"एक नाव तुमच्या हाती लागलं तं तुम्ही मारून टाकलं," मुखरूभाऊ म्हणाले. "दुसरं कसं देऊ? आता माझं परत आलं, तं त्याचं देतो."

बाई धुऱ्यावर बसल्या. एका बुटाची लेस त्यांनी सोडली आणि बांधली, पुन्हा सोडली आणि बांधली. मग उठून दगडांच्या राशीपाशी गेल्या. आम्ही मागे उभे होतो. एकोणीस वर्षांनी त्यांनी त्या जागी हाक मारली. भर दुपार होती. पहिल्या हाकेला पडणारी फुलं थांबली असं मला वाटलं. दुसऱ्या हाकेनंतर मला माझाच श्वास ऐकू येत होता. तिसरी झाली. काहीच झालं नाही, आणि काहीच न होणं मी इतकं कान देऊन पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी पेन काढलं नाही. घरी जाऊन हाक मारल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणाल्या.

बाबांना मी फोन करून सांगितलं की चार दिवस उशीर होईल. फॉर्मची तारीख जाईल, ते म्हणाले. जाऊ द्या, मी म्हणाले, आणि ते बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

आम्ही एसटीने सिरोंच्याला गेलो, पुलावरून नदी ओलांडली, पुढे मुखरूभाऊंनी सांगितलेल्या गावासाठी ऑटो केली. बाईंना तेलुगू कामापुरती येत होती, दुकानावर बसून शिकलेली. गावात अंगणा-अंगणात मिरची वाळत होती आणि डोळे चुरचुरत होते. नाव विचारल्यावर एका म्हाताऱ्याने घर दाखवलं, पण तो आमच्याबरोबर आला नाही. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पायात तेच बूट. मी वही उघडली. त्यांनी नेहमीच्या आवाजात पहिली हाक मारली, सम्मय्या!

आत एक भांडं वाजलं. बाईंनी सवयीने दुसरी मारली. आतून पावलं आली, धावत, भिंतीला हात घासत येणारी पावलं. तेव्हा बाईंना समजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही समजलं. आजवर ज्या ज्या दारात त्या उभ्या राहिल्या होत्या, तिथे सगळ्यांना ठाऊक होतं की आतला माणूस गेला आहे. या एका घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसरी हाक त्यांनी मारली नाही.

दारात एक म्हातारी आली. हाताला ओलं पीठ होतं. तिने आमच्याकडे बघितलंच नाही, आमच्या खांद्यांवरून रस्त्याकडे बघितलं, पार वळणापर्यंत.

"वाडु वच्चिंडा?" तिने विचारलं. तो आला का?

बाईंनी वाकून लेस सोडली. दोन्ही बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवले आणि अनवाणी आत गेल्या. जाताना त्यांनी म्हातारीचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले. त्यांनी तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी बाहेर मिरचीच्या उन्हात, त्या रिकाम्या बुटांपाशी उभी होते. खूप वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग आला, आणि शेजारपाजारची दारं एकेक करून उघडली.

दुपार कलली तेव्हा आतलं रडणं थांबलं आणि म्हातारीचं बोलणं सुरू झालं. हळू, सलग, एकोणीस वर्षांचं साठवलेलं. मग बाईंनी मला हाक मारली. पोट्टे म्हणून नाही, माझ्या नावाने.

मी ओ दिली, चपला बुटांशेजारी काढल्या आणि वही घेऊन आत गेले.